पाठीवरचा निवारा

कळसूबाईची उंची ५,४०० फूट. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातली लेक्स ऑफ द क्लाउड्स ही हट सुमारे ५,००० फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही खाली. तरी तिच्या आसपास एकही मोठं झाड उभं राहू शकत नाही, आणि जूनमध्येसुद्धा तिथं माणूस गारठून मरू शकतो. वरच्या माउंट वॉशिंग्टनवर १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा नोंदवला गेला. दोन लहान तळ्यांच्या काठी, अशा हवेत, हे दगडी घर १९१५पासून उभं आहे.

ते उभं राहिलं दोन मृत्यूंमुळे. ३० जून १९०० रोजी विल्यम कर्टिस आणि ॲलन ऑर्म्सबी हे दोघे ॲपलाचियन माउंटन क्लबच्या माथ्यावरच्या संमेलनाला पायी निघाले होते. कर्टिस त्रेसष्ट वर्षांचे, न्यूयॉर्क ॲथलेटिक क्लबचे एक संस्थापक, चांगले कसलेले गडी. भर उन्हाळ्यात बर्फाळ वादळानं दोघांना उघड्या धारेवर गाठलं. कर्टिस तळ्यांच्या परिसरात कोसळले. ऑर्म्सबी माथ्याच्या अगदी जवळ जाऊन पडले. पुढच्याच वर्षी क्लबनं त्या भागात लाकडी आसरा बांधला आणि नंतर ही पक्की हट. हिवाळ्यात ती बंद असते, पण तळघरातली एक कोंदट खोली अडल्यानडल्यांसाठी उघडी ठेवतात. या वास्तूतली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच खोली.

क्लबच्या आठ हटपैकी सर्वांत उंचावरची ही, आणि सर्वांत मोठीही: नव्वद जणांची सोय. चालवते ती तरुण मुलामुलींची छोटी तुकडी, बहुतेक कॉलेजातली. जड इंधन आणि कोरडा शिधा हंगामाच्या सुरुवातीला हेलिकॉप्टरनं येतो. भाजी, अंडी, चीज असं ताजं सामान मात्र आजही पाठीवरून. त्यासाठी वापरतात ती लाकडी चौकट बघण्यासारखी असते. मागं ताणलेलं कॅनव्हास, खांद्याला चामड्याचे पट्टे, आणि त्यावर एकावर एक रचून दोरानं करकचून आवळलेली पुठ्ठ्याची खोकी. रचताना ओझं मुद्दाम उंच नेतात, पार डोक्याच्या वर. किंचित पुढं झुकलं की भार मागं न ओढता सरळ पायांत उतरतो. एवढं वजन घेऊन ही मुलं ओल्या, सुट्या धोंड्यांवरून तोल सांभाळत चालतात.

संध्याकाळी सहाला लांब बाकांवर जेवण. पाव तिथंच भाजलेला. ज्यांनी ओझी वाहिली तीच मुलं रांधतात, वाढतात, भांडी घासतात. झोपायला एकावर एक फळ्या, लोकरीची ब्लँकेटं, उशी. अंघोळीची सोय नाही. सकाळी माथ्यावरच्या वेधशाळेचा हवामान अंदाज वाचून दाखवतात, आणि मग तीच मुलं एक छोटं प्रहसन करून ब्लँकेटाची घडी कशी घालायची ते शिकवतात. आपला कचरा आपण खाली न्यायचा, हेही त्यातच.

माणशी शंभर डॉलरच्या वर पडतात. हरिश्चंद्रगडाच्या गुहेत पथारी पसरून पाचनईची पिठलं-भाकरी खाणाऱ्या आपल्या मंडळींना हा आकडा टोचेल. पण पाठीवरून आलेल्या जेवणाला हा दर मला जास्त वाटत नाही. खिसा रिकामा असलेल्यांनाही दार बंद नाही. सुमारे ३,५०० किलोमीटरची ॲपलाचियन ट्रेल हटवरूनच जाते. ती सलग चालणाऱ्या मोजक्या जणांना, जागा असेल तर, थोडं काम करून उरलंसुरलं जेवण आणि भोजनगृहाच्या जमिनीवर झोपायला जागा मिळते.

इतक्या पायांचा त्रास मात्र जमिनीला होतोच. हटजवळच्या माळावर रॉबिन्स सिंकफॉइल नावाचं पिवळ्या फुलांचं इवलंसं रोप उगवतं. जगात ते याच डोंगरांत सापडतं, आणि १८१९ सालची क्रॉफर्ड पाथ ही पायवाट नेमकी त्याच्यावरून जात होती. १९८३मध्ये वाट बाजूला वळवली, नवी रोपं लावली. २००२मध्ये त्याचं नाव धोक्यातल्या वनस्पतींच्या सरकारी यादीतून निघालं. वळवलेल्या वाटेनं आता लोक चालतात आणि या रोपांच्या माळावर जाऊ नका, अशी विनंती बहुतेक जण पाळतात.