अप्रीतीचा गुन्हा

लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचे खटले चालले, हे मराठी माणसाला शाळेतच कळते. त्या खटल्यांचा सारा डोलारा एका जुन्या इंग्रजी शब्दावर उभा होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. तो शब्द म्हणजे ‘डिसअफेक्शन’. भारतीय दंडसंहितेत १८७० मध्ये १२४अ हे कलम घातले गेले, तेव्हा त्याचे शीर्षकही ‘सिडिशन’ नव्हते. ‘एक्सायटिंग डिसअफेक्शन’, म्हणजे अप्रीती चेतवणे, असे होते. सरकारविषयी लोकांच्या मनात अप्रीती निर्माण करणे किंवा तसा प्रयत्न करणे हाच गुन्हा, आणि त्याला जन्मठेपेच्या काळ्या पाण्यापर्यंतची शिक्षा.

शब्दाचा प्रवास

हा शब्द इंग्रजीत रुळला सतराव्या शतकाच्या आरंभी. त्या काळी ‘अफेक्शन’ म्हणजे केवळ माया नव्हे. मनाचा कल, वृत्ती, ओढ असे सारेच त्यात येई. त्यामुळे ‘डिसअफेक्शन’ म्हणजे मनाचा कल उलटा फिरणे. वैद्यकातही तो वापरला जाई, शरीराचा एखादा भाग बिघडला की. पण त्याने खरा जम बसवला तो राजकारणात. १६४० नंतरच्या यादवी युद्धात, आणि पुढे १६८८ मध्ये दुसऱ्या जेम्स राजाला पळून जावे लागल्यावर त्याच्याच बाजूने राहिलेल्यांना उद्देशून, सत्ताधारी ‘डिसअफेक्टेड’ हे विशेषण सर्रास लावू लागले.

नाराजीच्या इतर शब्दांहून हा वेगळा पडतो तो इथे. कुरकुर करणारा मुलगा अजून त्याच घरात जेवत असतो. ‘डिसअफेक्टेड’ माणसाचे मन मात्र घरातून निघून गेलेले असते. सत्तेला पहिल्याची फारशी भीती वाटत नाही, दुसऱ्याची वाटते. म्हणूनच ब्रिटनमध्ये सैनिकांना फितवण्याविरुद्ध १९३४ मध्ये कायदा झाला, तेव्हा त्याच्या नावातच हा शब्द आला.

हिंदुस्थानात

मेकॉलेने केलेल्या दंडसंहितेच्या १८३७च्या मसुद्यात राजद्रोहाचे कलम होते, पण १८६०च्या दंडसंहितेत ते आले नाही. दहा वर्षांनी जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या कायदेपंडिताने ते आणले. सोबत एक स्पष्टीकरणही जोडले होते : सरकारच्या आज्ञेत राहण्याची वृत्ती कायम ठेवून त्याच्या कामांबद्दल व्यक्त केलेली नापसंती म्हणजे अप्रीती नव्हे. कागदावर हे दार उघडे होते. ते किती उघडे, हे न्यायाधीशाच्या हाती होते.

१८९१ मध्ये कलकत्त्याच्या ‘बंगवासी’ पत्रावर संमतिवयाच्या कायद्यावरील लेखांसाठी खटला झाला. सरन्यायाधीश पेथरॅम यांनी अप्रीती म्हणजे प्रीतीच्या उलट असलेली भावना, म्हणजे नावड किंवा द्वेष, असा अर्थ ज्युरीला सांगितला. ज्युरीचे एकमत झाले नाही आणि प्रकरण माफीवर मिटले.

मग १८९७ उजाडले. पुण्यात प्लेग, त्यावरच्या बंदोबस्ताने जनता गांजलेली. १५ जूनच्या ‘केसरी’त शिवाजी उत्सवाचा वृत्तांत आणि शिवाजीच्या तोंडी घातलेली एक कविता छापून आली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर, या बंदोबस्ताचा प्रमुख अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामीन दिला आणि सप्टेंबरमध्ये मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे खटला उभा राहिला.

स्ट्रेची यांनी ज्युरीला सांगितले, की डिसअफेक्शन म्हणजे प्रीतीचा अभाव. द्वेष, वैर, नावड, तिरस्कार, सरकारविषयीचा कोणत्याही प्रकारचा दुर्भाव त्यात येतो. तो किती तीव्र आहे, याला महत्त्व नाही. लेखांमुळे दंगा झाला की नाही, हेही बघायचे नाही. या एका अर्थाने गुन्ह्याचा कृतीशी असलेला धागा तुटला. मायेचा अभाव हाच गुन्हा ठरला, तर परक्या राज्याची रयत उठल्यापासून झोपेपर्यंत गुन्हेगार! ज्युरीतल्या सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी म्हटले, तिघा हिंदी सदस्यांनी निर्दोष. शिक्षा झाली दीड वर्षाच्या सक्तमजुरीची.

लगेच १८९८ मध्ये सरकारने कलम दुरुस्त केले. आता शीर्षक ‘सिडिशन’ झाले, द्वेष आणि तिरस्कार हे शब्द वाढले, आणि डिसअफेक्शनमध्ये राजनिष्ठेचा अभाव व सर्व वैरभावना येतात, असे लिहून टाकले. न्यायाधीशाची व्याख्या कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसली.

१९०८ मध्ये ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांसाठी टिळकांवर दुसरा खटला झाला, तेव्हा त्यांनी स्वतःच बाजू मांडली आणि सरकारी भाषांतरांवरच बोट ठेवले. लेख मराठी, आरोप इंग्रजी, आणि ज्युरीत सात युरोपियन व दोन पारशी. ज्या वाचकाच्या मनात अप्रीती चेतवल्याचा आरोप, त्या मराठी वाचकाच्या कानाने लेख ऐकणारे तिथे कोणीच नव्हते. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप करून उत्तर दिले.

१९१६ मध्ये बेळगाव आणि अहमदनगर इथल्या होमरूलच्या भाषणांवरून टिळकांकडे वीस हजारांचा मुचलका मागितला गेला. या वेळी बॅरिस्टर जिनांनी बाजू मांडली आणि हायकोर्टाने तो आदेश रद्द केला. न्यायाधीशांनी भाषणांतली सुटी वाक्ये न उचलता त्यांचा एकंदर रोख पाहिला. शब्द तोच, कलम तेच. वाचणारे बदलले आणि निकाल बदलला.

१८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे महात्मा गांधींनी याच कलमाखालचा गुन्हा सरळ कबूल केला आणि प्रीती कायद्याने निर्माण करता येत नाही, असे ठणकावले. ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या शिक्षेची आठवण ठेवून सहाच वर्षे दिली.

पुढचे पाऊल

१९४२ मध्ये फेडरल कोर्टाने या गुन्ह्यासाठी सार्वजनिक शांततेचा भंग होण्याची शक्यता हवी, असे म्हटले. १९४७ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मुंबईच्या सदाशिव नारायण भालेराव यांच्या खटल्यात ते नाकारून जुन्याच अर्थावर शिक्का मारला. अखेर १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंसेला वा अव्यवस्थेला चिथावणी ही अट घातली. मे २०२२ मध्ये कलम स्थगित झाले आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १५२व्या कलमात ‘डिसअफेक्शन’ उरला नाही. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात (यूएपीए) मात्र तो आजही आहे.

मला या इतिहासातून एकच गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. चोरी, मारहाण, दंगल यांचे पुरावे मागता येतात. नावडीचा पुरावा मागता येत नाही, तो फक्त मानता येतो. म्हणून भावनेला गुन्हा ठरवणारा शब्द कायद्यात शिरला, की न्याय पुराव्याच्या नव्हे, वाचणाऱ्याच्या मर्जीवर चालतो. सरकारविषयीची माया ही सरकारने कामातून मिळवायची असते. ती मिळाली नाही, तर नागरिकाने आपली नाराजी लिहावी, बोलावी, मतपेटीतून दाखवावी. आणि तो हक्क जपण्याची जबाबदारी, ज्या भाषेतल्या लेखांनी टिळकांना दोन वेळा कारावास भोगायला लावला, त्या मराठीच्या वाचकांवर अधिकच आहे.