झरी जामणी परिसरातील संशोधन

महाराष्ट्र राज्याच्या यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुका आणि त्याच्या लगतचा पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील प्रदेश यांविषयी भूविज्ञान, भाषाविज्ञान, शिक्षण, राज्यव्यवहार, अभियांत्रिकी, कृषी व परिस्थितिविज्ञान या शाखांत झालेले अभ्यास. तालुका जिल्ह्याच्या आग्नेय भागात असून त्याच्या पश्चिमेस केळापूर (पांढरकवडा) व पूर्वेकडे वणी हे तालुके आहेत. दक्षिणेस पैनगंगा व तिच्या पलीकडे तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा आहे. मुकुटबन, पाटण, माथार्जुन व शिबला ही येथील प्रमुख गावे. लोकवस्तीत गोंड व कोलाम या जमातींचे प्रमाण लक्षणीय असून कोलामांच्या गावाबाहेरील स्वतंत्र वस्तीस ‘पोड’ म्हणतात. कातकरी व माडिया गोंड यांच्याप्रमाणे कोलामांचा समावेश महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होतो.

तालुक्यात विद्यापीठ नाही. संशोधक नागपूर, अकोला, मुंबई, हैदराबाद, डेहराडून येथून व परदेशांतूनही आले आणि प्रत्येकाने आपापल्या साधनाला सोयीची सीमा आखली. भूवैज्ञानिकांचा प्रदेश खडकांच्या विस्तारावरून ठरला, भाषावैज्ञानिकांचा बोलीच्या प्रसारावरून, तर अर्थशास्त्रज्ञांचा कापसाच्या जिल्ह्यांवरून. तालुका हे एकक प्रशासनापुरतेच राहिले. परिणामी या परिसराविषयीचे लेखन विपुल असले, तरी ते विखुरलेले आहे. एकाच पोडातील पाण्याची नोंद भूजलाच्या अहवालात, बोलीची व्याकरणात आणि जमिनीची मानवशास्त्रीय ग्रंथात सापडते. या नोंदी एकत्र वाचल्या जाण्याचे प्रसंग मात्र थोडे.

भूविज्ञान व पाणी : या परिसराचा सर्वांत जुना पद्धतशीर अभ्यास दगडी कोळशाच्या शोधातून झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे टी. डब्ल्यू. एच. ह्यूझ यांचा वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्रावरील वृत्तांत १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. पश्चिमेकडून आलेला दक्खन ट्रॅपचा (सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा) काळा पाषाण, वणीकडील कोळसाधारी गोंडवनी खडक व पैनगंगेच्या नावानेच ओळखला जाणारा कँब्रियन-पूर्व काळातील चुनखडक व शेल यांचा समूह असे तीन निरनिराळ्या कालखंडांतील खडक येथे थोड्या अंतरात भेटतात. चुनखडकामुळे सिमेंट उद्योगाचे लक्ष या भागाकडे वळले व मुकुटबन येथील मोठा सिमेंट कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला.

याच खडकांशी निगडित असलेला दुसरा प्रश्न अधिक काळ दुर्लक्षित राहिला. तो म्हणजे पिण्याच्या पाण्यातील फ्ल्युओराइड. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरमध्ये १ मिलिग्रॅमपर्यंत फ्ल्युओराइड इष्ट मानले जाते व दुसरा स्रोत नसेल, तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. पांढरकवडा परिसरातील भूजलाची जी रासायनिक तपासणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत काही ठिकाणी हे प्रमाण मर्यादेच्या कित्येक पटींनी अधिक आढळले. पाणी खडकाच्या सान्निध्यात जितका अधिक काळ राहते, तितके त्यातील फ्ल्युओराइड वाढते. पाण्यात कॅल्शियम विपुल असेल, तर फ्ल्युओराइडचा काही भाग त्याच्याशी संयोग पावून साक्याच्या रूपाने बाहेर पडतो; सोडियम व बायकार्बोनेट अधिक आणि कॅल्शियम कमी अशा पाण्यात तो विरघळलेलाच राहतो. चुनखडकाच्या प्रदेशातही खोलवरचे पाणी असे बदललेले असू शकते. म्हणून गावाजवळ चुनखडक आहे एवढ्यावरून तेथील पाणी निर्धोक मानता येत नाही. प्रत्येक स्रोताची तपासणी स्वतंत्रपणेच करावी लागते.

येथे अभियांत्रिकीच्या इतिहासातील एक विसंगती दिसते. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधन विहिरींचा व हातपंपांचा प्रसार झपाट्याने झाला. जालना व सोलापूर येथे मिशनरी कार्यकर्त्यांनी सुधारलेल्या पंपांच्या अनुभवावरून पुढे भारत सरकार व युनिसेफ यांच्या सहकार्याने ‘इंडिया मार्क–२’ हा पंप तयार झाला. उघड्या विहिरीतून पसरणारे पटकी, विषमज्वर, नारू यांसारखे रोग टाळणे हा या कार्यक्रमाचा एक मुख्य हेतू होता आणि तो मोठ्या प्रमाणावर साधला. तथापि जंतूंपासून मुक्त असलेले खोलवरचे पाणी सर्वत्र फ्ल्युओराइडपासून मुक्त नव्हते. पंपाचे अभिकल्पक, भूरसायनशास्त्रज्ञ व दंतवैद्य यांचा एकमेकांशी संबंध फार उशिरा आला. दातांवरील पिवळे-तपकिरी डाग हे पहिले चिन्ह बालवयातच दिसते. दीर्घकाळ असे पाणी पोटात गेल्यास हाडे व सांधे ताठरतात आणि ही हानी भरून निघत नाही. लवकर निदान करून पाणी बदलणे हाच खरा उपाय होय.

फ्ल्युओराइड काढून टाकण्याची सर्वांत परिचित देशी पद्धती म्हणजे नळगोंडा तंत्र. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (स्थापना १९५८) ते विकसित केले असून आंध्र प्रदेशातील (आता तेलंगणातील) नळगोंडा जिल्ह्याच्या नावावरून ते ओळखले जाते. पाण्यात चुना, तुरटी व विरंजक चूर्ण मिसळून ते ढवळतात. त्यातून तयार होणाऱ्या ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या कणसंहतीवर फ्ल्युओराइड बसते, गाळ खाली राहतो व वरचे पाणी निथळून घेतात. ही क्रिया बादलीतही करता येते, हे तिचे वैशिष्ट्य. मात्रा मात्र पाण्याच्या क्षारतेनुसार बदलावी लागते, ती चुकल्यास पाण्यात ॲल्युमिनियम अधिक उरते आणि गाळाची विल्हेवाट नीट लावावी लागते. पहाटे कामावर जाणाऱ्या कुटुंबात हे रोज कोणी करावयाचे, हा प्रश्न रसायनशास्त्राचा नसून गृहव्यवस्थेचा आहे. त्यामुळेच संयंत्रे बसली, तरी ती चालती राहतीलच असे नाही; निर्धोक उथळ स्रोत शोधणे, पावसाचे पाणी साठवणे किंवा दुरून नळाने पाणी आणणे हे उपाय पुष्कळदा अधिक टिकाऊ ठरतात.

भाषा व शिक्षण : कोलामांची कोलामी ही द्राविडी कुलातील मध्यवर्ती गटाची भाषा असून नाईकी ही तिला सर्वांत जवळची. जॉर्ज ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) तिचे नमुने आले आहेत. या खंडाचे काम नॉर्वेजियन पंडित स्टेन कोनो यांनी केले. त्यानंतर दोन व्याकरणे थोड्याच वर्षांच्या अंतराने प्रसिद्ध झाली. आदिलाबाद भागात हैदराबाद संस्थानाच्या सेवेत असलेले अधिकारी व मराठीतील इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांचे कोलामी व्याकरण १९५० मध्ये निघाले. अमेरिकेतील द्राविडी भाषांचे अभ्यासक मरे बी. एमेनो यांचा ग्रंथ १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रकाशित केला. तो मुख्यतः वर्धा जिल्ह्यातील बोलीवर आधारलेला आहे. एमेनो यांना कोलामीचे द्राविडी कुलातील स्थान ठरवावयाचे होते. पगडींना ज्यांचा कारभार पाहावयाचा त्यांची भाषा समजून घ्यावयाची होती. एकाच भाषेची ही दोन वर्णने हेतूच्या भेदामुळे परस्परपूरक झाली आहेत.

या व्याकरणांचा शाळेशी संबंध जुळला असता, तर वेगळा परिणाम झाला असता, असे मानण्यास आधार आहे. कारण नदीपलीकडे तसा एक प्रयोग झाला होता. कुमरम भीम यांच्या नेतृत्वाखालील गोंडांचा उठाव १९४० मध्ये मोडून काढल्यानंतर, त्याची कारणे समजावीत म्हणून निजाम सरकारने ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फोन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या अभ्यासास पाठबळ दिले. त्यांच्या सूचनेवरून मारलावाई येथे १९४३ मध्ये गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. प्रारंभीची वाचनपुस्तके गोंडीत, परंतु देवनागरी लिपीत तयार करण्यात आली, कारण परिसरात व्यवहाराची भाषा मराठी होती. शिकलेल्या तरुणांतून शिक्षक, पटवारी व वनरक्षक निवडले गेले. पुढे राज्य बदलले आणि शिक्षणाचे माध्यम तेलुगू झाले. महाराष्ट्राच्या बाजूस आश्रमशाळांचे माध्यम मराठीच राहिले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची तरतूद संविधानात १९५६ पासून (अनुच्छेद ३५०-क) आहे आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही ‘शक्य तेथवर’ अशा शब्दांत ती आली आहे. पोडातून प्रथमच शाळेत आलेल्या मुलास शिक्षकाचे बोलणे न समजणे ही अडचण मात्र पुष्कळदा ‘गळती’ या एका आकड्यात नोंदली जाते. शैक्षणिक पाहण्यांत पटसंख्या व उपस्थिती बारकाईने मोजली जाते. घरची भाषा या सदरास तेवढे स्थान मिळत नाही.

राज्यव्यवहार : पैनगंगा ही वऱ्हाड व निजामी राज्य यांची आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर दोन भाषिक राज्यांची सीमा झाली. या सीमेचे परिणाम राज्यशास्त्राच्या अभ्यासकांना येथे जवळून पाहता येतात. कोलाम जमातीला विदर्भात अनुसूचित जमातीचा दर्जा पूर्वी ठराविक तहसिलींपुरताच (यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, वणी व यवतमाळ) होता. हे क्षेत्रबंधन १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने उठले. त्याच कायद्याने तेलंगण भागातील लंबाडा (बंजारा) अनुसूचित जमातींच्या यादीत आले, तर महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींतच राहिले. एकाच समाजाला नदीच्या दोन तीरांवर दोन दर्जे मिळाल्याने स्थलांतराला चालना मिळाली व आदिलाबादेतील गोंडांच्या जमिनींवर ताण पडला, असे निरीक्षण हायमेनडॉर्फ यांनी सु. चाळीस वर्षांनंतर केलेल्या पुनरभ्यासात (१९८२) नोंदविले आहे. ज्या गावांचे वर्णन त्यांनी १९४० नंतर केले होते, तीच गावे पुन्हा पाहिल्याने जमिनीचे हस्तांतर कसे झाले, हे त्यांना सांगता आले. असा दीर्घ कालावधीचा अभ्यास नदीच्या अलीकडे व्हावयास हवा होता. पैनगंगेच्या पाणीवाटपावरही अशीच दोन राज्यांची छाया आहे. निम्न पैनगंगा प्रकल्पाविषयी महाराष्ट्र व आंध्र प्रदेश यांचा करार १९७५ मध्ये झाला. चनाखा–कोराटा बंधाऱ्याविषयी महाराष्ट्र व तेलंगणा यांच्यात २०१६ मध्ये करार झाला.

कृषी : कापूस हे परिसराचे प्रमुख नगदी पीक असल्याने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरील संशोधनात यवतमाळ जिल्हा वारंवार येतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशावरून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००५ मध्ये, तर राज्य शासनासाठी इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने २००६ मध्ये अहवाल दिला. दुसऱ्या अहवालात आत्महत्या झालेल्या कुटुंबांची तुलना त्याच परिसरातील अन्य शेतकरी कुटुंबांशी केली आहे. केवळ मृतांच्या कुटुंबांची पाहणी करणाऱ्या वृत्तांतांपेक्षा ही पद्धती निश्चितच श्रेष्ठ होय. कर्जबाजारीपणा हे सर्वाधिक आढळलेले जोखमीचे कारण ठरले. जनुक-परिवर्तित (बीटी) कापसाच्या लागवडीला २००२ मध्ये मान्यता मिळाली. गुलाबी बोंडअळीत पुढे त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण झाली. २०१७ च्या हंगामात बोंडअळीचा मोठा उद्रेक झाला आणि त्याच वर्षी जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जण मरण पावले. कीटकशास्त्र व व्यवसायजन्य आरोग्य या शाखांचा येथे किती निकटचा संबंध आहे, हे त्यातून दिसले. फवारणी करणाऱ्यांत शेतमजुरांचा वाटा मोठा असतो. कीडनाशकाची मात्रा ठरविणाऱ्या प्रयोगांत मात्र मजुराच्या अंगावरील कपड्यांचा विचार सहसा नसतो.

परिस्थितिविज्ञान : झरी जामणीच्या पश्चिमेस टिपेश्वर अभयारण्य (क्षेत्रफळ सु. १४८ चौ. किमी.; स्थापना १९९७) आहे. लहान क्षेत्रात वाघांची संख्या वाढल्याने तरुण वाघ बाहेर पडतात व कापूस-तुरीच्या शेतांतून, नाल्यांच्या काठाने मार्ग काढतात. मुकुटबन परिसरातील एका गुहेत २०२१ च्या एप्रिलमध्ये एक गाभण वाघीण ठार केलेली आढळली. खाणी, कारखाने व रस्ते यांच्यासाठी कायद्याने आवश्यक असलेले पर्यावरणीय आघात मूल्यांकन सर्वसाधारणपणे प्रकल्पाभोवतीच्या १० किमी. त्रिज्येत व बहुधा पावसाळा वगळून एका ऋतूपुरते करतात. या चौकटीत वनस्पती, हवा, पाणी व लोकजीवन ही सर्व प्रकरणे एकत्र येतात खरी, परंतु स्थलांतर करणाऱ्या प्राण्याचा माग तीत बसत नाही.

डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने महाराष्ट्र वनविभागाच्या सहकार्याने हा माग उपग्रहाच्या साहाय्याने घेतला. टिपेश्वरमध्ये जन्मलेल्या टी१-सी१ या नर वाघाच्या गळ्यात २०१९ च्या प्रारंभी पट्टा बसविण्यात आला. जूनमध्ये तो अभयारण्याबाहेर पडला आणि विदर्भ, मराठवाडा व तेलंगणातील आदिलाबाद या भागांतून शेते, नद्या व महामार्ग ओलांडीत १,३०० किमी.पेक्षा अधिक अंतर चालून डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. नऊ महिन्यांतील त्याची एकूण वाटचाल सु. ३,००० किमी. भरली. हा मार्ग बहुतांशी मानवी वस्तीच्या प्रदेशातून व पुष्कळसा रात्रीच्या वेळी कापलेला आहे. अभयारण्यांना जोडणाऱ्या पट्ट्यांचा विचार केवळ वनखात्याच्या जमिनीपुरता करता येत नाही, हे या नोंदींतून दिसते. पट्टा एप्रिल २०२० मध्ये काढून घेण्यात आला.