जबड्याचा डॉक्टर कुठे गाठायचा?



तोडणीच्या दिवसांत ट्रॉली उलटते, मोटारसायकल घसरते आणि मार तोंडावर बसतो. टाके घालून गडी घरी येतो. पण वरचे-खालचे दात पूर्वीसारखे जुळत नसतील, तर जबडा मोडला असण्याची शक्यता फार. अशा वेळी चोळून घेऊ नये. हे काम मुख व जबडा शल्यचिकित्सकाचे. तो आधी दातांचा डॉक्टर म्हणजे बी.डी.एस. असतो, आणि पुढे तीन वर्षे याच विषयात एम.डी.एस. करतो. पदवी कोणत्या विषयातली, ते खुशाल विचारा. आपण बेणेसुद्धा विचारूनच घेतो की!

दुसरी गोष्ट तंबाखू-मिश्रीची. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, तरी पुड्या फडात दिसतातच. तोंड उघडून आपलीच तीन बोटे एकावर एक आत जात नसतील, किंवा तोंडातली जखम वा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत जात नसेल, तर दुखत नाही म्हणून गप्प बसू नये. सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, तीच तर गोम आहे.

मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. आपल्या ऊसपट्ट्यात लोणी आणि कराड येथेही दंत महाविद्यालये आहेत. तिथे केसपेपर काढताना जबडा शस्त्रक्रियेचा विभाग विचारावा आणि आधीचे एक्स-रे बरोबर न्यावेत.

आणि गाळप संपल्यावर जाऊ, असे म्हणू नका. हाड वाकडे जुळले, तर ते पुन्हा मोडून बसवावे लागते.