बार्बीची कंबर: ऐकीव किती, खरं किती

बार्बी माणसाएवढी झाली तर तिला चार पायांवर चालावं लागेल, पोटात यकृत अर्धंच मावेल आणि मान डोक्याचं ओझं पेलणार नाही. हा मजकूर आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलवर कधी ना कधी येऊन गेला असेल. वाचायला मजा येते, पण त्यात गणित थोडं आणि कल्पनाविलास फार.

आधी गणित बघू. बार्बीची उंची साडेअकरा इंच, म्हणजे सुमारे २९ सेंटिमीटर. ती माणसाच्या एक षष्ठांश मापाची धरली जाते, म्हणून सहानं गुणलं की पावणेसहा फुटांची बाई तयार होते. जुन्या साच्यातल्या बाहुलीच्या कंबरेला टेप लावला तर घेर सव्वाआठ ते नऊ सेंटिमीटर भरतो. सहापट केला की पन्नास ते चोपन्न. एवढ्या उंचीच्या बाईची एवढी कंबर म्हणजे अजबच, पण ३९-१८-३३ इंच हे जे त्रिकूट सगळीकडे फिरतं ते काही शिलालेख नाही. कुठल्या सालची बाहुली घेतली आणि तिची उंची किती धरली, यावर आकडे हलतात. यकृताचं म्हणाल, तर पोकळ प्लॅस्टिकच्या धडात अवयवांची जागा मोजणं म्हणजे शेखचिल्लीचा हिशेब. ती उभी राहत नाही हे मात्र खरं. त्याचं मुख्य कारण छातीचा भार नाही, पाय आहेत. टाचा उचललेल्या, जणू कायम उंच टाचांच्या सँडलमध्ये. १९५९ सालच्या पहिल्या बार्बीच्या तळपायांना तर चक्क भोकं होती, स्टँडच्या खुंट्या अडकवायला. सपाट जमिनीवर टेकतील असे, घोट्यात हलणारे पाय तिला २०१५ मध्ये मिळाले.

फॉरवर्डपेक्षा भरवशाचा हिशेब ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९६ साली मांडला. बार्बी आणि केन यांची मापं त्यांनी खऱ्या माणसांच्या मापांशी ताडून पाहिली. केनसारखा बांधा साधारण पन्नास पुरुषांत एकाचा सापडू शकतो. बार्बीसारखा लाखात एकीचाही नाही. म्हणजे बार्बी अशक्य नव्हे, पण अतिशय दुर्मीळ. तिचा जोडीदार मात्र रस्त्यात भेटू शकतो, हा यातला मासलेवाईक भाग.

“कुणा खऱ्या मॉडेलवरून बनवली असणार”

नाही. तिचं मूळ एका कार्टूनमध्ये आहे. ‘बिल्ड’ या जर्मन वृत्तपत्रात १९५२ पासून लिली नावाच्या चटपटीत, पुरुषांना खेळवणाऱ्या तरुणीचं व्यंगचित्र येई. १९५५ मध्ये तिची बाहुली निघाली, तीही मुख्यतः मोठ्यांच्या गमतीसाठी. मॅटेल कंपनीच्या सहसंस्थापक रूथ हँडलर यांनी १९५६ च्या युरोप दौऱ्यात ती पाहिली, सोबत घेऊन आल्या आणि मार्च १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळणी प्रदर्शनात बार्बी मांडली. मुलींच्या हातात त्या काळी बहुतेक तान्ह्या बाळांच्याच बाहुल्या असत, मोठी बाई होऊन खेळायला बाहुली नव्हती, हा हँडलरबाईंचा मुद्दा होता आणि तो अगदी रास्त होता. फक्त त्यासाठी जे शरीर उचललं गेलं ते व्यंगचित्रकाराच्या फटकाऱ्यातून आलेलं होतं.

“कंबर बारीक आहे ती केवळ कपड्यांसाठी”

हा कंपनीकडून येणारा खुलासा. हे शरीर वास्तवासाठी नाही, कपडे घालायला-काढायला सोपं जावं म्हणून तसं घडवलंय, असं बार्बीच्या डिझाइन विभागाच्या प्रमुखांनी २०१४ मध्ये सांगितलं तेव्हा बरीच टीका झाली. पण या खुलाशात तथ्य आहे, आणि ते ज्यानं कुणी बाहुलीला परकर शिवलाय त्याला पटेल.

बाहुली एक षष्ठांश झाली तरी कापड काही एक षष्ठांश जाडीचं मिळत नाही. समजा, हौसेनं तिला साडी नेसवायची आहे. साडेपाच मीटरची साडी या मापात ९२ सेंटिमीटर होते. आधी परकर: नेफा दुमडला की कापडाचे दोन थर, आत नाडी. त्यावर साडीचा पहिला वेढा. मग निऱ्या, सात घेतल्या तर प्रत्येकीचे दोन पदर, म्हणजे चौदा थर. पाव मिलिमीटर जाडीचं साधं सुती कापड धरलं तरी निऱ्यांचा गठ्ठा साडेतीन मिलिमीटरचा, आणि माणसाच्या मापात दोन सेंटिमीटरहून जास्त. पोटावर पाट बांधल्यासारखा. खऱ्या प्रमाणातली कंबर घेतली आणि तिच्यावर हे सगळं चढवलं, तर बाहुली पिंपासारखी दिसेल.

म्हणून कंबर थोडी चोरणं ही शिंप्याची गरज होती, हे मान्य. पण लांबलचक मान, काडीसारख्या मांड्या आणि उचललेल्या टाचा यांचा नेफ्याशी काय संबंध? शिवाय १९६५ च्या एका बार्बीसोबत इवलासा वजनकाटा होता, काटा ११० पौंडांवर, म्हणजे पन्नास किलोंवर, कायमचा अडकवलेला. सोबत वजन घटवण्याची चिमुकली पुस्तिका, आणि तिच्या पाठीवर एकच उपाय: न खाणं. पावणेसहा फुटांच्या बाईला पन्नास किलो म्हणजे बॉडी मास इंडेक्स जेमतेम १६. डॉक्टरांच्या लेखी साडेअठराच्या खाली वजन अपुरं. हा काटा काही कापडाच्या जाडीमुळे आला नव्हता.

आणि बाहुली खऱ्यासारखी नसणं यात मुळात गैर काहीच नाही. आपली लाकडी ठकी बघा. ठोकळ्यासारखं अंग, रंगानं काढलेले डोळे. शरीररचनेच्या हिशेबात ती बार्बीपेक्षा कितीतरी खोटी. पण मोठेपणी आपण ठकीसारखं दिसावं, असं भातुकलीतल्या कुठल्या मुलीला वाटलं असेल? बार्बीचा खोटेपणा वेगळा, कारण तो ‘मोठेपणी अशी होशील’ म्हणून समोर येतो.

“पोरांना काय कळतंय, खेळणंच ते”

इंग्लंडमधला २००६ सालचा एक अभ्यास याचं उत्तर देतो. पाच ते आठ वर्षांच्या १६२ मुलींना चित्रांची एक गोष्ट दाखवली. काहींच्या पुस्तकात बार्बीची चित्रं, काहींच्या पुस्तकात एमी या भरल्या अंगाच्या बाहुलीची, उरलेल्यांच्या पुस्तकात बाहुलीच नाही. बार्बी पाहिलेल्या लहान मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल कमी समाधान वाटलं आणि बारीक होण्याची इच्छा वाढली. गटातल्या सर्वांत मोठ्या मुलींवर मात्र असा तात्काळ परिणाम दिसला नाही. ‘कळत नाही’ असं आपण ज्या वयाबद्दल म्हणतो, नेमकं तेच वय जास्त हळवं निघालं.

पण इथून उडी मारून ‘बार्बीमुळे मुली उपाशी राहून आजारी पडतात’ असं म्हणणाऱ्यांनीही दमानं घ्यावं. खाण्याच्या विकारांमागे आनुवंशिकता, स्वभाव, घरातली बोलणी अशी अनेक कारणं गुंतलेली असतात. एका खेळण्यावर तो आळ टिकत नाही. वरचा परिणामही गोष्ट दाखवल्यानंतर लगेच मोजलेला, वर्षानुवर्षांचा नव्हे. नेदरलँड्समध्ये सहा ते दहा वर्षांच्या ११७ मुलींना बाहुल्यांशी खेळायला दिलं, तेव्हा बारीक बाहुलीमुळे शरीराबद्दलच्या मतात फरक पडला नाही. मात्र नंतर समोर खाऊ ठेवला, तर साधारण अंगाच्या बाहुलीशी खेळलेल्या मुलींनी तो जास्त खाल्ला. पुरावा आहे, पण विस्कळीत आहे.

“मग खऱ्यासारखी बाहुली आणली की झालं”

बाजारानं हेही करून पाहिलं. निकोलाय लॅम या अमेरिकन कलाकारानं एकोणीस वर्षांच्या सर्वसाधारण अमेरिकन मुलीची सरकारी मापं घेऊन लॅमिली ही बाहुली काढली. २०१४ मध्ये लोकांकडून वर्गणी जमवून ती बाजारात आली. शिवाय मुरमं आणि ताणाचे व्रण यांचे स्टिकर वेगळे मिळत, हवे तर चिकटवा. जानेवारी २०१६ मध्ये खुद्द बार्बी आणखी तीन बांध्यांत आली: उंच, बुटकी आणि भरलेली. लगेच घरोघरचा प्रश्न पुढे आला. जुने कपडे भरल्या अंगाच्या बाहुलीला होईनात.

त्याहून अवघड गोष्ट २०१९ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसली. तीन ते दहा वर्षांच्या मुलींसमोर चारही बांध्यांच्या बार्बी ठेवल्या, तर भरल्या अंगाची बाहुली सर्वांत नावडती ठरली आणि वाईट गुणही तिलाच चिकटवले गेले. म्हणजे बाहुली हातात येण्याआधीच जाड-बारीक याचा निकाल त्या चिमुरड्यांनी कुठूनतरी उचललेला होता. ‘अगं, किती सुटलीस!’ हे लग्नकार्यात कौतुकाच्या सुरात बोललं जातं, तेव्हा शेजारी कोण खेळतंय हे आपण पाहत नाही. ब्रिटनमधल्या २०२१ च्या एका छोट्या अभ्यासात अतिबारीक बाहुल्यांशी खेळल्यावर पाच ते नऊ वर्षांच्या मुलींची आदर्श शरीराची कल्पना आणखी बारीक झाली. त्यानंतर खऱ्यासारख्या बाहुल्या किंवा गाड्या खेळायला दिल्या, तरी ती लगेच पूर्ववत झाली नाही.

मुलगे यातून सुटलेत, हाही एक भ्रम. अमेरिकेतल्या मुलांच्या खेळण्यातल्या सैनिक आणि सुपरहिरो बाहुल्या मोजून १९९९ साली संशोधकांनी दाखवलं की, तीसेक वर्षांत त्यांचे दंड आणि छाती फुगत फुगत शरीरसौष्ठवपटूंच्याही पुढे गेले होते. केनला २०१७ मध्ये सडपातळ आणि रुंद असे दोन नवे बांधे मिळाले. सुपरहिरोंचे दंड किती इंचांचे असावेत, यावर मात्र पालकसभेत चर्चा झाल्याचं अजून कानावर नाही.