मोपेडच्या टाकीतला गंज

गटाची मोपेड धक्के खात बंद पडली की बाजाराचा माल अडकतो. अशा वेळी आपण टाकीत आधी बॅटरीच्या उजेडात पाहू, काडी ओढून नव्हे. अर्धवट रिकाम्या टाकीत दमट हवेचे पाणी होते. ते पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळाशी साचते आणि पत्रा गंजतो.

वरवरचा गंज असेल तर टाकी उतरवून, चुलीपासून लांब, उघड्यावर रिकामी करू. पांढरा व्हिनेगर भरून दिवसभर ठेवू. मग खाण्याच्या सोड्याचे पाणी फिरवू, म्हणजे आंबटपणा मरतो. स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवू आणि लगेच पेट्रोल भरू; ओला पत्रा तासाभरात पुन्हा लालसर होतो.

टाकीला भोक असेल तर मेकॅनिककडेच जाऊ. रिकाम्या टाकीतली वाफही वेल्डिंगच्या ठिणगीने भडकते.