शिरोरेषा आधी ओढणारा मुलगा

गोवंडीतल्या महापालिकेच्या एका शाळेत सहावीच्या वर्गात मी शेवटच्या बाकावर बसले होते. आमच्या बी.एड. महाविद्यालयातल्या एका छात्राध्यापिकेचा मराठीचा पाठ होता. टाचण व्यवस्थित होतं. प्रस्तावना झाली, हेतुकथन झालं, विवेचन सुरू झालं. फलकलेखन तर इतकं सुबक, की मी निरीक्षण वहीत त्या रकान्यात पूर्ण गुण टाकून मोकळी झाले.

माझ्या शेजारी बसलेला मुलगा फळ्यावरचं उतरवून घेत होता. अक्षर वळणदार, मागच्या पानांवर ‘छान’ असे लाल शेरे. माझं लक्ष गेलं ते त्याच्या हाताकडे. तो आधी या समासापासून त्या समासापर्यंत सलग शिरोरेषा ओढायचा आणि मग तिला एकेक अक्षर खालून टांगायचा. काना आधी, अक्षर नंतर. प्रत्येक अक्षरासाठी मान वर, मान खाली. शब्द कुठे संपतो ते त्याला कळत नव्हतं, म्हणून त्याची रेघ कुठे तुटतच नव्हती.

मी फळ्यावरचाच एक शब्द माझ्या वहीच्या कोपऱ्यात लिहिला आणि हळूच विचारलं, “हे काय आहे रे?” त्याने फळ्यावर तसाच आकार शोधला आणि बोट दाखवलं.

“वाच ना.”

तो जरा थांबला, मग म्हणाला, “बाई, लिहून दाखवू?”

सहावीपर्यंत तो असा लिहीत आला होता. आईबाप कामासाठी जालन्याहून मुंबईला आलेले, मध्ये दोनदा गावी परतलेले, प्रत्येक वेळी शाळा सुटलेली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने अशा मुलाला वयानुसार वर्गात बसवायचं ठरवलं, ते योग्यच झालं. पण त्याच कायद्यात मागे पडलेल्या मुलाला बरोबरीला आणण्यासाठी विशेष प्रशिक्षणही सांगितलं आहे. या मुलाला सहावीतली जागा मिळाली, ते प्रशिक्षण मात्र त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

पाठ संपल्यावर मी छात्राध्यापिकेला त्याची वही दाखवली. तिचे डोळे भरून आले. “बाई, म्हणजे मी इतके दिवस कुणाला शिकवत होते?” तिची चूक नव्हती. आम्हीच तिला तसं घडवलं होतं. बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचं झालं आणि शाळेतला सराव वीस आठवड्यांचा झाला. पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. हे आठवडे मुलं ओळखण्यासाठी मिळाले आहेत असं मी मानते. आम्ही मात्र ते पाठांची संख्या भरण्यात घालवतो. छात्राध्यापक रात्री जागून तक्ते रंगवतात, आणि समोरच्या बाकावरच्या मुलाला वाचता येतं का, हे बघायला त्यांना उसंत मिळत नाही.

मी तिला सांगितलं, आठ दिवस पाठ घेऊ नकोस. एकेका मुलाशेजारी बस.

‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने रूढ केलेली वाचनपट्टी तिने घेतली: अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट. एका मुलाला जेमतेम पाच-सात मिनिटं लागतात. आठवडाभरात तिच्यापुढे सहावीच्या एका वर्गात चार वेगळे वर्ग उभे राहिले. एक दिवस ती त्या मुलाबरोबर त्याच्या घरीही गेली. गल्ली इतकी अरुंद की समोरून कुणी आलं तर भिंतीला टेकून उभं राहावं लागायचं. सकाळी पाण्याच्या रांगेत डबे घेऊन उभं राहायचं काम त्याचं होतं. उशिरा येतो म्हणून तिने त्याला दोनदा दाराबाहेर उभं केलं होतं. त्या दिवसानंतर तिने तसं कुणालाच केलं नाही.

मग रोज मधल्या सुट्टीनंतर वीस मिनिटं ती त्याला आणि त्याच्यासारख्या सहा जणांना घेऊन व्हरांड्यात बसू लागली. पहिल्या दिवशी पुस्तक काढलंच नाही. स्वतःचं नाव, आईचं नाव, मग त्यांच्याच तोंडचे शब्द: पाणी, डबा, रिक्षा, गाव. शब्द कागदावर लिहायचा, कात्रीने अक्षरं कापायची, पुन्हा जुळवायची. कापलेल्या कागदावर रेघ आपोआप तुटते. ही युक्ती तिची तिलाच सुचली. आमच्या कुठल्याही टाचणात ती नव्हती.

पाचव्या आठवड्यात मी पुन्हा त्या बाकावर जाऊन बसले. मुलाने वही माझ्याकडे सरकवली. एकच ओळ होती, तीन शब्दांची, मी गावाला जातो. अक्षर पूर्वीइतकं सुंदर नव्हतं, ‘जा’चा काना खाली घसरला होता. पण शिरोरेषा तीन होत्या, आणि दोन शब्दांमध्ये बोटभर जागा सोडलेली होती. ती ओळ त्याने मला वाचून दाखवली.

तेव्हापासून पाठाला गेले की मी शेवटच्या बाकावर एकटी बसत नाही, कुणातरी मुलाशेजारी बसते. शिक्षक घडवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे: पुढच्या सरावाच्या वेळी पहिल्या आठवड्यात एकही पाठ लावू नका. छात्राध्यापकांना पाच मुलांच्या वह्या उघडायला सांगा आणि त्या मुलांकडून वाचून घ्या.