बांधातल्या घुशीचा बंदोबस्त



पाळीचे पाणी नेमके रात्रीचे येते. आपण दारे धरून उभे असतो. पाटाला पाणी भरपूर असते, पण सरीच्या टोकाला काही ते पोचत नाही. बॅटरी घेऊन बांधाकडेने चालत जावे, तर खालच्या अंगाला मनगटाएवढे भोक आणि आपल्या हक्काचे पाणी ओढ्याला चाललेले! भातखाचरांच्या मुलखात हेच भोक पावसाळ्यात एका रात्रीत रुंद होते, बांध फुटतो आणि त्याबरोबर खाचरातली मातीही जाते. पीक पुन्हा घेता येते. गेलेली माती परत यायला मात्र पिढी लागते.

हे काम घुशीचे. घूस म्हटली की आपल्याला घराच्या जोत्यात राहणारी मोठी घूस आठवते. शेतात असते ती तिची धाकटी जात. अंगाने आखूड, तोंड बोथट, रंग काळपट करडा, वजन पाव किलोच्या आसपास. ती पाण्याला भीत नाही, चांगली पोहते. म्हणूनच भात, ऊस आणि पाटाच्या कडा ही तिची आवडीची ठिकाणे. बिळाच्या तोंडाशी तिने उकरलेल्या ताज्या मातीचा ढीग असतो, त्याला आपण उकीर म्हणतो. आत गेल्यावर ती तोंड मातीने बुजवून घेते. त्यामुळे भोक दिसत नाही म्हणून घूस नाही, असे समजू नये. ढीग दिसला की ती आहेच.

शेतात इतरही उंदीर असतात. काळ्या रानाच्या भेगांतून मऊ केसांचा उंदीर राहतो. हलक्या, वाळूसर रानात लांब शेपटीचा आणि शेपटीच्या टोकाला काळा गोंडा असलेला उंदीर असतो, तो उड्या मारीत पळतो. बांधाला बोटाएवढी भोके पाडणारी लहान उंदरीही असते. बंदोबस्ताची रीत सगळ्यांना जवळपास एकच आहे, पण बांध पोखरण्यात घुशीचा हात कोणी धरणार नाही.

खाण्यापेक्षा नासाडी जास्त

घूस रोज आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढे खाते, म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम. तेवढ्यावर भागले असते तर कोणी तक्रार केली नसती. पण तिचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजवण्यासाठी तिला सतत काहीतरी कुरतडावे लागते. भाताचे फुटवे ती बुडाशी तिरके कापते. पीक लहान असेल तर नवे फुटवे येऊन तूट थोडी भरून निघते. पोटरीत आलेले भात कापले तर काही भरून येत नाही. उसाची खालची कांडी कुरतडली की त्यातून रोग शिरतो, ऊस लोळतो आणि लोळलेल्या उसाखाली घुशीला आणखी आसरा मिळतो. गव्हाच्या ओंब्या आणि भाताच्या लोंब्या ती बिळात ओढून साठवते. रायगड-ठाण्याकडचे कातकरी बांधव उंदरांची बिळे खणतात तेव्हा उंदराबरोबर हे धान्यही काढतात. एखाद्या बिळात किलोभर भातसुद्धा निघते.

मारायचे केव्हा?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि चूक होते तीही इथेच. पीक पक्व झाले, तोडलेल्या लोंब्या दिसल्या, की आपण दुकानात धावतो. त्या वेळी शिवारभर दाणा पडलेला असतो. ताटात पंचपक्वान्न असताना तुमची पुडी कोण खाणार? औषध फुकट जाते आणि घूस वाढतच राहते. मादी साधारण तीन-साडेतीन आठवड्यांत विते, एका वेताला सहा-सात पिले देते आणि ती पिले तीन महिन्यांत स्वतः वेताला येतात. अन्न वाढले की उंदीर वाढणारच. मिझोरममध्ये बांबूला फार वर्षांनी एकदम फुलोरा येतो. 1959 साली तसा फुलोरा आला, बी खाऊन उंदीर बेसुमार वाढले, मग शेतांवर उतरले आणि दुष्काळ पडला.

तेव्हा मारायचे ते अन्न कमी असताना. मे महिन्याच्या शेवटापासून खरिपाच्या पेरणीपर्यंतचा काळ सर्वांत उत्तम. रान मोकळे असते, बिळे उघडी दिसतात, घुशी थोड्या उरलेल्या असतात आणि त्या भुकेल्या असतात. मे महिन्यात मेलेली एक मादी म्हणजे दिवाळीपर्यंतचे सारे खटले टळले. दुसरी वेळ पीक फुटव्यावर असताना, फुलोऱ्याच्या आधी. तिसरी खरिपाची कापणी झाल्यावर, रब्बीच्या तोंडाला.

आणि एकट्याने मारू नये. तुमच्या बांधातली बिळे रिकामी झाली की शेजारची घूस महिन्याभरात तिथे संसार मांडते. बांध सामाईक, तशी घूसही सामाईक. निदान एका पाटावरच्या सगळ्या शेतकऱ्यांनी दिवस ठरवून एकदम मोहीम काढावी. ओढ्याचा काठ, गायरान, रस्त्याची कड ही कोणाचीच नसते म्हणून राहून जाते आणि नेमके तिथेच बेणे उरते. त्यासाठी ग्रामपंचायतीला बरोबर घ्यावे.

आमिष घालण्याची रीत

पहिल्या दिवशी संध्याकाळी दिसतील ती सगळी बिळे मातीने बुजवा आणि उकिराचे ढीग पायाने सपाट करा. सकाळी जिथे बीळ उघडलेले किंवा नवी माती आलेली दिसेल, ते चालू बीळ. तिथे एक काडी रोवा. औषध फक्त काडीच्या बिळात घालायचे. एवढ्या एका कामाने निम्मा खर्च वाचतो, पण कंटाळा करतात तो याच कामाचा.

पुढचे दोन दिवस साधे, बिनविषारी आमिष घालायचे. ज्वारी, गहू किंवा तांदळाचा भरडा घेऊन त्याला थोडे गोडेतेल चोळा आणि चिमूट-दोन चिमूट नव्हे, चांगले वीस ग्रॅम दर बिळात घाला. आता तुम्ही म्हणाल, शत्रूला जेवण कशाला? त्याचे कारण असे. उंदीर नवा पदार्थ आधी जरासा चाखून बघतो. विषारी आमिष पहिल्याच दिवशी ठेवले, तर तो थोडे खातो, आजारी पडतो, वाचतो आणि पुढे कित्येक आठवडे त्या आमिषाला तोंड लावीत नाही. दोन दिवस खाऊन विश्वास बसला की तिसऱ्या दिवशी तो पोटभर खातो.

तिसऱ्या दिवशी झिंक फॉस्फाईडचे आमिष. 960 ग्रॅम भरडा, 20 ग्रॅम गोडेतेल आणि 20 ग्रॅम झिंक फॉस्फाईड. भरड्याला आधी तेल लावा, मग भुकटी टाकून काठीने ढवळा. पाणी घालू नका. किलोभर आमिषाच्या दहा-दहा ग्रॅमच्या शंभर पुड्या होतात, म्हणजे शंभर बिळे. संध्याकाळी बिळाचे तोंड मोकळे करून पुडी काठीने आत सरकवा आणि तोंड मातीने बुजवा. पाऊस येण्याचा रंग असेल तर त्या दिवशी राहू द्या.

दोन-तीन दिवसांनी पुन्हा फेरी मारा. जी बिळे परत उघडली असतील त्यांत झिंक फॉस्फाईड पुन्हा घालू नये, कारण वाचलेली घूस आता शहाणी झालेली असते. तिथे ब्रोमॅडिओलोन वापरावे. 0.25 टक्क्यांची भुकटी 20 ग्रॅम, गोडेतेल 20 ग्रॅम, भरडा 960 ग्रॅम, आणि दर बिळाला 15 ग्रॅम. हे औषध सावकाश काम करते. चार ते दहा दिवसांनी उंदीर मरतात, बहुतेक बिळातच. मेलेले दिसले नाहीत म्हणून औषध बनावट होते, असा बोभाटा लगेच करू नये. नवी माती येते की थांबते, ते बघावे.

पाकिटावरची सूचना वाचावी आणि कृषी सहायकाला विचारूनच माल आणावा.

जपून वागा

झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. हातमोजे घालून, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून मिसळावे. त्यासाठी घरातली परात, डबा घेऊ नये. उरलेले आमिष, पुड्या आणि मेलेले उंदीर खोल पुरावे. उघड्यावर टाकल्यास कुत्री, कोंबड्या आणि घुबडे त्यात जातात. औषध कुलपात ठेवावे. कोणाच्या पोटात गेलेच, तर दूध-तूप पाजत बसू नये, पाकीट बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठावा. ब्रोमॅडिओलोनवर व्हिटॅमिन के-एक हा उतारा डॉक्टर देतात.

फवारणीचे औषध पिठात कालवून ठेवणे, किंवा बांधाला विजेची तार लावणे, हे बंदोबस्ताचे उपाय नव्हेत. तारेने घुशीऐवजी पहाटे पाणी बघायला गेलेला माणूस मरतो. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्याही आपण हाताळायच्या नाहीत, ते काम शिकलेल्या आणि परवानगी असलेल्या माणसांचे आहे. पिठात सिमेंट मिसळण्याचा सल्ला पारावर फुकट मिळतो. त्याची किंमतही तेवढीच.

बिळात हात घालू नये. घुशीच्या बिळात नाग, घोणस राहतात. धामण दिसली तर जाऊ द्यावी. ती आपलेच काम करते, शिवाय तिला मारणे कायद्याने गुन्हा आहे. घुबडाचेही तसेच. पीक लहान असताना शेतात इंग्रजी टी अक्षरासारख्या उंच काठ्या रोवल्या तर गव्हाणी घुबड रात्री त्यावर बसून उंदीर टिपते. दाणा भरू लागला की या काठ्या काढाव्यात, नाहीतर दिवसा दाणे खाणारी पाखरे त्यावर बसतात.

पावसाळ्यात चिखलात काम करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप येतो. पायाला जखम असेल तर अनवाणी खाचरात उतरू नये. ताप, डोळे लाल आणि पोटऱ्या दुखणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे.

खणणे, धूर आणि बांध

औषध नको असेल तर खणून, कुत्रा बरोबर घेऊन शिकार करता येते. बिळाला मागच्या अंगाला एक-दोन वाटा असतात, त्या आधी बुजवाव्यात. तमिळनाडूतले इरुळा लोक मडक्यात पेंढा पेटवून तोंडाने फुंकीत आणि धूर बिळात सोडीत. पुढे त्यांना हाताने फिरवायची लोखंडी यंत्रे मिळाली. अशी मोहीम मे महिन्यात तरुणांनी हौसेने करावी. मात्र खणलेला बांध त्याच दिवशी ओली माती घालून धुमसाने ठोकून घ्यावा. नाहीतर घुशीचे काम आपणच पुरे केले असे होईल, आणि शेजाऱ्याशी बांध कोरल्याचे भांडण लागेल ते वेगळेच.

भातखाचरातले आतले बांध शक्यतो अरुंद ठेवावेत. फूटभरापेक्षा कमी उंच आणि कमी रुंद बांधात घुशीला पिले वाढवता येत नाहीत. ओढ्याकडचा मोठा बांध काही अरुंद करता येणार नाही, तिथे निदान गवत-झुडूप काढून कड उघडी ठेवावी. मळणीनंतर काडाचे ढीग बांधालगत रचू नयेत. आणि पाणी सोडण्याच्या आदल्या दिवशी बांधाच्या खालच्या अंगाने एक फेरी मारावी. उकीर वरून दिसतो, पण भोक खालूनच सापडते.